दारावरचा कॅमेरा

दिवाळीत गावी जाण्याआधी दारावर कॅमेरा लावायचा विचार असेल, तर आधी जागा ठरवा. साधारण आठ-नऊ फूट उंची पुरते. फार वर लावला तर चेहऱ्याऐवजी डोकंच दिसतं. समोरून ऊन येत असेल तर माणूस काळा दिसतो. आणि शेजाऱ्यांचं दार चित्रात येऊ देऊ नका.

कॅमेरा वायफायला जोडलाच जात नाही, ही नेहमीची तक्रार. बरेच घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून मोबाइलही त्याच नेटवर्कवर घ्या. रात्रीचं चित्र पांढरं, धुरकट दिसतंय? कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे खिडकीच्या काचेवरून किंवा कोळ्याच्या जाळ्यावरून परावर्तित होतात. काच टाळा, जाळं पुसा. चित्रीकरण मधेच तुटत असेल तर मेमरी कार्ड तपासा. सतत लिहून-पुसून ते झिजतं.

सगळ्यात महत्त्वाचा पासवर्ड. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. तेव्हा तो आजच बदला, आणि गावी निघण्याआधी कालचं चित्रीकरण एकदा उघडून पाहा.