सुटून आला, आता शाळेचं काय?



बाल न्याय मंडळापुढे आणलेला मुलगा विचारलेल्याला उत्तर देत नाही, कागद हातात दिला तर वाचत नाही, मान खाली घालून बसतो. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं निगरगट्ट आहे. त्याला नीट ऐकूच येत नसेल, किंवा अक्षरं त्याला लागतच नसतील, ही शंका उशिरा येते. पुष्कळदा येतच नाही.

आपल्याकडे तर ही शंका येणं आणखी अवघड. गंगाखेड, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, पोरांची शाळा मध्येच सुटते. मूल वाचनात मागे पडलं की 'शाळा बुडाली म्हणून' एवढं म्हणून सगळे मोकळे होतात. अध्ययन अक्षमता त्याच्या आड राहून जाते.

2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्यानं 15 दिवसांत मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यात अपंगत्वाची नोंद करायची असते. माझा आग्रह इथेच आहे. ही नोंद मुलाकडे नुसतं बघून भरू नका. लंगडणं दिसतं, कमी ऐकू येणं, डिस्लेक्सिया दिसत नाही. कान तपासा, चार ओळी वाचायला द्या, शंका आली तर सरकारी वैद्यकीय मंडळाकडे पाठवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. प्रमाणपत्र हाती असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. नापास होत आलेल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात त्या निरीक्षण गृहात विशेष शिक्षण द्यावं, हे कायद्यातच आहे. पण मुलगा सुटतो फेब्रुवारीत, आणि गावच्या शाळेत पटावरून नाव गेलेलं असतं. मुख्याध्यापकांनी हे लक्षात घ्यावं: 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि बालवयातल्या खटल्यामुळे तो सहसा कशालाही अपात्र ठरत नाही. त्याचं नाव वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमांवर उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर त्याचा फोटो फिरवणाऱ्यांनी हे ऐकावं.

शाळेत परत जाणं जमलंच नाही तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. त्याची तयारी सुटकेआधीच, आतच सुरू व्हायला हवी.

आणि आईवडिलांनो, लहानपणी कान फुटला होता, बोलायला उशिरा लागला, फिट येते, असं जे काही असेल ते परिविक्षा अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा. दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तर सोबत न्या.