परदेशी गेलेल्यांचा मोबाईल आणि घरचा क्रमांक

गोव्यातून आणि शेजारच्या सिंधुदुर्गातून नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा बोटीवर जाण्याची रीत जुनी आहे. पूर्वी माणूस गेला म्हणजे त्याचे पहिले पत्र येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागत असे. पुढे नाक्यानाक्यावर एस.टी.डी.ची सोय झाली आणि आखातातील सुटीचा वार म्हणून शुक्रवारी तेथे गर्दी होऊ लागली. भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. आज जाणारा माणूस आपला दूरध्वनी खिशात घालूनच विमानात बसतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. तथापि परक्या भूमीवर पाय ठेवताच त्या खिशातील यंत्राचे नेमके काय होते, हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच महिन्याच्या पगारातील बरीच रक्कम बिलापोटी गेल्याची उदाहरणे घरोघरी ऐकावयास मिळतात.

मोबाईलमधील सिमवर ग्राहकाची ओळख पटविणारा एक अंक कोरलेला असतो. तो बहुधा १५ आकडी असतो व त्याचे पहिले तीन आकडे देश दर्शवितात. भारतासाठी ते ४०४ आणि ४०५ हे आहेत. दुबईस उतरल्यावर यंत्र सुरू केले की ते तेथील कंपनीच्या मनोऱ्याला हा अंक कळविते. ती कंपनी भारतातील मूळ कंपनीकडे चौकशी करते, आणि दोहोंमध्ये करार असून ग्राहकाने परदेशातील सेवा घेतलेली असेल, तर यंत्र चालू होते. यालाच रोमिंग म्हणतात. येथून निघण्यापूर्वी ही सेवा सुरू करून घ्यावी लागते, ती याचसाठी.

आता बिलाचे कोडे. म्हापशाहून एखादी आई मुलाच्या भारतीय क्रमांकावर फोन करते, तेव्हा मुलगा दुबईत आहे हे तिच्या कंपनीला ठाऊक नसते. तिला आकार लागतो तो देशातील बोलण्याचा. तो फोन प्रथम भारतातील मूळ कंपनीकडे जातो आणि तेथून समुद्रापलीकडे पाठविला जातो. या दुसऱ्या टप्प्याचा खर्च मुलाच्या खात्यावर पडतो. देशात येणारा फोन फुकट आणि परदेशात मात्र त्याला पैसे, याचे कारण एवढेच. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, दुबईत एकाच खोलीत राहणारे दोन गाववाले भारतीय सिमवरून एकमेकांशी बोलू लागले, तर तो आवाज सामान्यतः भारतात जाऊन परत दुबईत येतो, आणि आकार दोघांनाही लागतो. हाक मारली तर काम भागेल, अशी ही स्थिती. म्हणून दीर्घ मुक्कामासाठी तेथीलच सिम घेणे इष्ट. ते स्वतःच्या नावावर घ्यावे, दुसऱ्यास वापरावयास देऊ नये, आणि कायमचे परतताना रीतसर बंद करून बिल चुकते करावे.

बोलण्यापेक्षाही अधिक पैसा खाते ते इंटरनेट, म्हणजे ज्याला डेटा म्हणतात ते. मालक झोपलेला असला तरी मोबाईल जागा असतो. तो छायाचित्रे साठवीत असतो, निरनिराळी ॲप्स अद्ययावत करीत असतो. ठराविक पॅक घेतलेले नसेल, तर या न मागितलेल्या कामाचेही पैसे पडतात. सबब विमान उतरण्यापूर्वीच डेटा रोमिंगची कळ बंद ठेवावी. पॅक घेतले असेल तर ते कोणत्या देशांपुरते आहे, हे वाचून घ्यावे. रास-अल-खैमाच्या उत्तर टोकास काम करणाऱ्याचे यंत्र कधी कधी शेजारच्या ओमानचा मनोरा पकडते. केवळ अमिरातीपुरते पॅक असलेल्यास ते महाग पडते.

बोटीवरील मंडळींचा प्रकार आणखी वेगळा. मोठ्या प्रवासी जहाजांवर जहाजाचाच छोटा मनोरा असतो व तो उपग्रहाद्वारे जगाशी जोडलेला असतो. त्याचे दर जमिनीवरील दरांच्या कितीतरी पट असतात, आणि देशोदेशींच्या पॅकमध्ये तो सहसा धरलेला नसतो. भर समुद्रात यंत्र विमान-स्थितीत ठेवून जहाजावरील वाय-फाय वापरणे, अथवा बंदराला लागल्यावर बोलणे, हाच शहाणपणा.

इंटरनेटवरून फुकट बोलता येते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. ते पुष्कळ देशांत खरे आहे. सौदी अरेबियाने अशा बोलण्यावरील बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठविली. संयुक्त अरब अमिरातीत मात्र अशा संभाषणाला परवाना लागतो व मान्यताप्राप्त ॲप्सवरूनच बोलावे लागते. आडमार्गाने ही अट चुकविण्याची युक्ती कोणी खोलीत शिकविलीच, तर ती शिकू नये. त्या देशाचा सायबर गुन्ह्यांविषयीचा कायदा कडक आहे. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून काढणे, हासुद्धा तेथे गुन्हा ठरू शकतो. गावच्या जत्रेत जसे सर्रास फोटो काढले जातात, तसे तेथील बाजारात काढू नयेत.

येथपर्यंतची गोष्ट पैशाची झाली. परंतु जिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते, ती गोष्ट घरच्या क्रमांकाची आहे. बँकेचे खाते, आधार, गॅस, विमा, सारे काही आज त्या एका भारतीय क्रमांकाला बांधलेले असते. पैसे काढावयाचे तर येणारा ओ.टी.पी. त्यावरच येतो. माणूस कुवेतला जातो, तेथील सिम घेतो, आणि भारतीय सिम पेटीच्या तळाशी जाऊन पडते. रिचार्जची मुदत संपते व संदेश येणे थांबते. ९० दिवस कसलाच वापर झाला नाही आणि खात्यात किमान २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनीला तो क्रमांक बंद करता येतो. बंद झालेला क्रमांक आणखी ९० दिवसांनंतर दुसऱ्याच ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे घामाच्या कमाईच्या खात्याचा संदेश कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडतो, आणि खातेदार मात्र रजा मिळेपर्यंत हात बांधून बसतो. दोन वर्षांचा करार असलेल्यास ही रजा लवकर मिळत नाही.

यावर उपाय आहेत. जाण्यापूर्वी बँकेत जाऊन, नोकरीसाठी परदेशी जात असल्याचे कळवावे. परकीय चलनाच्या कायद्यानुसार साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागतेच. त्याच वेळी परदेशातील क्रमांक नोंदविता येतो काय, हेही विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय भुगतान निगमने दहा देशांतील क्रमांकांवरून अनिवासी खात्यांसाठी यू.पी.आय. वापरण्यास अनुमती दिली. त्यांत अमिराती, सौदी अरेबिया, ओमान व कतार होते. कुवेत व बहरीन त्या यादीत नव्हते. भारतीय सिम चालू ठेवणे हे सर्वांत सोपे. लहानसे रिचार्ज गावाकडून भरता येते. घरातील कोणी, नाहीतर शाळेतील गुरुजींनी, त्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पूर्वी पत्रे लिहून देण्याचे काम गुरुजींकडेच असे. त्या मानाने हे काम हलके आहे. सिम सोबत नेल्यास, रोमिंगमध्ये येणाऱ्या लघुसंदेशांना सामान्यतः आकार पडत नाही. दोन सिमचे यंत्र असेल तर भारतीय सिम केवळ संदेशांसाठी ठेवावे आणि बोलणे व डेटा तेथील सिमवर न्यावा. ओ.टी.पी. मात्र फोनवरून कोणासही सांगू नये, तो माणूस दूतावासाचे नाव घेत असला तरी.

क्रमांक जतन करताना प्रत्येकाच्या आधी अधिक चिन्ह व ९१ घालावे, म्हणजे कोणत्याही देशातून तो लागतो. तद्वतच अमिरातीचा क्रमांक ९७१ लावून लिहिताना आरंभीचे शून्य गाळावे. जुने यंत्र नेणाऱ्याने आधी चौकशी करावी. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची तिसऱ्या पिढीची सेवा २०२२ मध्ये बंद झाली, ऑस्ट्रेलियातील २०२४ मध्ये. तेथे जुना मोबाईल केवळ घड्याळ म्हणून उपयोगी पडतो.

पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्र यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये असावीत आणि त्यांची एक प्रत घरीही असावी. मालकाने पगार अडविला किंवा कागद ठेवून घेतले, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१५ पासूनच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. ती गावातील नातेवाइकांनाही नोंदविता येते, आणि त्या वेळी हीच कागदपत्रे लागतात.

बोटीवरून परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपग्रहाद्वारे बोलणारे दूरध्वनी, तसेच गिर्यारोहक वापरतात ती उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी छोटी यंत्रे, दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून भारतात आणता येत नाहीत. परदेशात ती दुकानात उघड मिळतात, म्हणून कोणी भेट म्हणून घेऊनही येतो. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांकडे अशी यंत्रे सापडली, तेव्हा त्यांच्यावर कारवाई झाली. नियम माहीत नव्हता, हे सांगून सुटका होत नाही.