औंधची राज्यघटना : राजाने स्वीकारलेले बंधन

(सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



लोकांच्या संमतीवाचून सत्ता चालू लागली म्हणजे काय होते, हे सोलापूरकरांना नव्याने सांगावयास नको. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने या शहरावर लष्करी कायदा लादला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे या नगरीचे चार सुपुत्र फासावर गेले. त्यानंतर आठच वर्षांनी, सांगोल्याच्या शेजारचा आटपाडी तालुका ज्या संस्थानात होता, त्या औंधच्या राजाने आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या स्वाधीन केली. एकाच भूमीतील हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे राज्यसत्ता आणि राजधर्म यांतील अंतर ध्यानी येते.

संसदीय राजेशाही म्हटले की इंग्लंडचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. तेथे राजा गादीवर असतो, परंतु कारभार मंत्रिमंडळाचा. लोकसभागृहात ज्याला बहुमताचा पाठिंबा, तो पंतप्रधान होतो. राजाने त्याच्या सल्ल्याने वागावयाचे. कर बसवावयाचा किंवा खर्च करावयाचा तर सभागृहाची संमती हवी. राष्ट्राचा प्रमुख एक आणि शासनाचा प्रमुख दुसरा, हे या रचनेचे मर्म होय. इंग्लंडमध्ये ही व्यवस्था शतकानुशतकांच्या झगड्यातून आली. एका राजाचा त्यासाठी १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. औंधात रक्ताचा थेंबही सांडला नाही.

औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्काराचे प्रचारक, चित्रकार, कीर्तनकार आणि १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ही त्यांची ओळख सर्वांना आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य केले. पं. सातवळेकरांचे वेदाध्ययनाचे कार्य त्यांच्याच आश्रयाने औंधात फुलले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देणारेही तेच. असा लोकप्रिय राजा सुखाने राज्य करीत राहिला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. तरीही सत्तरीत त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीचा निर्णय घेतला. पुत्र अप्पासाहेब आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी परिश्रम घेतले, महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली.

पाया गावाचा

या घटनेचे वैशिष्ट्य तिच्या पायात होते. राजधानीत सभागृह बांधून ती थांबली नाही. गावाने पाच पंच निवडावयाचे. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावयाची. आणि तालुक्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींचे विधिमंडळ बनावयाचे. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ हे विखुरलेले चार तालुके आणि सुमारे सत्तर गावे एवढाच संस्थानचा व्याप. पण सत्तेचा प्रवाह खालून वर वाहू लागला. गावचे तंटे गावातच मिटावेत म्हणून पंचायतींना न्यायदानाचे अधिकार मिळाले. राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा पडली. राजा हा प्रजेचा पहिला सेवक, हे तत्त्व असे व्यवहारात उतरले.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिच्यावरून स्फुरलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट जगभर गाजला. प्रजेवर विश्वास टाकणारे राज्य बंदिवानावरही विश्वास टाकू शकते, याची ही साक्ष आहे.

छत्रपतींच्या अष्टप्रधानांत या व्यवस्थेचे मूळ शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे विवेक जपला पाहिजे. अष्टप्रधान कर्तबगार होते, परंतु ते छत्रपतींना उत्तरदायी होते. औंधचे मंत्री प्रजेच्या प्रतिनिधींना उत्तरदायी झाले. हा भेद मोठा आहे. पंचायत मात्र आपल्या मातीतली. जिंजीच्या धामधुमीत, राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले ‘प्रतिनिधी’ हे पद छत्रपतींच्या वतीने काम पाहणारे होते. त्या पदाच्या वारसाने प्रजेच्या प्रतिनिधींना राज्य सोपविले, यात परंपरेचा विकासच दिसतो.

औंधच्या स्वातंत्र्याला मर्यादाही होती. राजाच्या डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राष्ट्रीय एकात्मतेसाठी ते आवश्यकच होते आणि राजघराण्याने ते स्वीकारले. परंतु गादीबरोबर गावाच्या हातातली सत्ताही गेली. पंचायतींना घटनात्मक स्थान मिळावयास १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली.

आजचा प्रश्न

भारताने राजा नाकारला, पण संसदीय चौकट ठेवली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, हे अनुच्छेद ७४ सांगतो. तरीही चौकट असणे आणि ती जिवंत असणे या दोन गोष्टी आहेत. सोलापूर महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, हे खरे. परंतु नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे विचारण्यासाठी प्रभागात निवडून आलेला माणूस नव्हता, हेही तितकेच खरे. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, नागरिकाला याची सवय होणे घातक आहे.

एका वृद्ध राजाने स्वतःला नियमांनी बांधून घेतले. आज मतदार हाच राजा आहे. प्रभागसभेला, ग्रामसभेला जाणे, हिशेब विचारणे आणि उद्या अधिकाराच्या जागी बसल्यावर तोच हिशेब देणे, हा त्याचा राजधर्म होय. तो पाळणारे कार्यकर्ते घराघरांतून उभे राहिले, तर औंधने पेरलेले बीज वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.