गियरबॉक्सचे तेल



आपल्या खराडीच्या या वर्गात बरेच जण गाडीवाले आहेत. कोणी टेम्पो चालवतो, कोणी ट्रॅक्टर, कोणी ट्रकवर क्लीनर आहे. म्हणून आज आम्ही गाडीच्या गियरबॉक्सविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. आम्ही काही मिस्त्री नव्हे. आम्ही जन्मभर खडू धरला. पण विचारून, पाहून आणि वाचून जे कळले, ते सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी सासवडहून सीताफळे भरून टेम्पो आणत होता. गाडीखाली तेलाचे थेंब पडतात, हे त्याला ठाऊक होते. तो रोज रात्री खाली पुठ्ठा सरकवायचा. जमीन खराब होत नाही ना, मग झालं! पुढे दिवे घाट उतरताना दुसरा गियर आपोआप सुटला. इंजिनाची ओढ गेली आणि सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक तापून ढिले पडले. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली, म्हणून दोघांचे जीव वाचले. गियरबॉक्स उघडला, तर आत निम्मेसुद्धा तेल नव्हते. त्या हंगामाची सगळी कमाई दुरुस्तीत गेली.

तेल कमी झाले तर गियर का सुटतो? नीट ऐका. गियरबॉक्समध्ये पोलादी दातेरी चाके असतात. एकाचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत बसून फिरतात. नदीपलीकडे मुंढव्याला भारत फोर्जचा कारखाना आहे. ती कंपनी १९६१ साली स्थापन झाली. तिथे पोलाद लाल तापवून, दाबून मोटारींचे भाग घडवतात. गियरचे पोलादही असेच घडवतात. मग त्याला दाते पाडतात आणि वरची कातडी खास कठीण करतात. आतला गाभा त्या मानाने मऊ असतो. दोन दात्यांमध्ये तेलाचा पातळ थर असतो, तोवर ती कातडी टिकते. थर तुटला की पोलादावर पोलाद घासते. कातडी गेली की दाता लवकर झिजतो. बेअरिंग सैल होते. मग गियर जागेवर धरून राहत नाही.

शर्यतीच्या मोटारी तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. ३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पाच किलोमीटरांहून थोडा मोठा रस्ता आणि त्याचे ६० फेरे! आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयनही तीत धावला. अशा शर्यतीत चालक शेकडो वेळा गियर बदलतो. म्हणून शर्यतीचे मिस्त्री गाडी धावून आली की तेल तपासतात. तेलात पोलादाचा कीस दिसला, तर कोणता भाग झिजतो आहे त्याचा शोध घेतात. गाडी मोडण्याची वाट पाहत नाहीत. त्यांची गाडी कोट्यवधींची, आपली कर्जाची. पण रीत तीच.

आता आपण काय करायचे?

गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना पुढे-मागे दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

बाजूचा भरणीचा नट आधी उघडा. बहुतेक गाड्यांत तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत असावे लागते. तेल बदलायचे असेल तरीही हाच नट आधी उघडा. खालचा नट काढून तेल सोडले आणि वरचा नट निघालाच नाही, तर गाडी जागच्या जागी अडकते.

तेल गाडी थोडी चालवून कोमट झाल्यावर सोडा. मळ बरोबर निघून येतो. उकळते मात्र सोडू नका, हात भाजेल.

खालच्या नटाला पुष्कळदा लोहचुंबक असते. त्यावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. पण तुकडे किंवा कपच्या सापडल्या, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी हलवू नका. तेल ताकासारखे पांढरट झाले असेल, तर आत पाणी गेले आहे असे समजा.

जास्त तेल भरणे हेही शहाणपण नव्हे. ते घुसळून फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर येते. गियरबॉक्सला हवा सोडणारे एक बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले, तरी सील गळतात. म्हणून तेही साफ ठेवा.

आता वाचण्याची गोष्ट. आमच्या त्या विद्यार्थ्याने पूर्वी एकदा दुकानात जे मिळाले ते तेल भरले होते. डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' असे लिहिलेले असते. पाच मोठा, म्हणून तेच चांगले, असे नव्हे. आपल्या टेम्पोच्या गियरबॉक्समध्ये गियर अलगद पडावा म्हणून पुष्कळदा पितळी कड्या असतात. जीएल-५ मधल्या काही तेलांतली गंधकाची द्रव्ये त्या कड्या खातात. शर्यतीच्या बहुतेक गियरबॉक्समध्ये अशा कड्या नसतातच, तिथे खुंट्या असतात. म्हणून एकाचे तेल दुसऱ्याला चालेलच असे नाही. ट्रॅक्टरचे तेल तर आणखी वेगळे. '८०डब्ल्यू-९०' हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात हे सगळे छापलेले असते. किती किलोमीटरांनी तेल बदलावे, तेही असते.

जुने तेल मात्र गटारात ओतू नका. ते मुळा-मुठेत जाते आणि पुढच्या गावांच्या शेतात. डब्यात भरून जुने तेल रीतसर घेणाऱ्याकडे द्या.

उद्या येताना प्रत्येकाने आपल्या गाडीचे पुस्तक आणावे. पान आपण मिळून वाचू. आणि आज घरी गेल्यावर गाडीखाली एकदा दिवा धरून बघा. थेंब दिसला, तर पुठ्ठा सरकवू नका. सकाळी मिस्त्रीकडे जा.