लपवल्या होत्या, पण कोणी?

स्पॅनिश भाषेतला पूर्ण भूतकाळ मराठी माणसाला फारसा जड जाऊ नये. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ असं आपण रोज बोलतो. आपण ‘होतो-होती’ शेवटी लावतो, स्पॅनिश लोक आधी लावतात, एवढंच. त्यांचं सहायक क्रियापद ‘आबेर’. त्याची रूपं आबीआ, आबीआस, आबीआ, आबीआमोस, आबीआइस, आबीआन. त्यापुढे मुख्य क्रियापद. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं होतं आब्लादो. कोमेर म्हणजे खाणे, त्याचं कोमीदो. बिबीर म्हणजे जगणे, त्याचं बिबीदो. नियमित क्रियापदांचा कारभार इथे संपतो. ‘मी’ आणि ‘तो’ दोघांनाही आबीआच, म्हणून घोटाळा होईल तिथे ‘यो’, म्हणजे मी, असं स्पष्ट सांगावं लागतं.

मराठी जीभ अडखळते ती दुसरीकडेच. आपण आंबा खाल्ला होता, भाकरी खाल्ली होती, पोहे खाल्ले होते. स्पॅनिशमध्ये काहीही खा, कोमीदोच. जुन्या स्पॅनिशमध्ये हे रूप कर्माप्रमाणे बदलू शकत असे. १४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहानं त्या भाषेचं व्याकरण छापलं, तोवर ते ताठ झालं होतं. त्याला लिंग नाही, वचन नाही, म्हणून नेब्रिहानं शब्दांची एक निराळी जातच मांडली. त्याच वर्षी, जानेवारीत, ग्रानादाचं मुस्लिम राज्य पडलं होतं.

पुढे तिथल्या मुसलमानांना सक्तीनं ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांना आणि त्यांच्या वंशजांना मोरिस्को म्हणत. १६०९ ते १६१४ या काळात त्यांनाही देशाबाहेर काढलं. आरागोनमधल्या मोरिस्कोंची भाषा तोवर स्पॅनिशच झाली होती. ती ते अरबी लिपीत लिहीत. १८८४ साली सारागोसा प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी एक जुनं घर पाडताना दुहेरी जमिनीच्या पोकळीत अशा हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला.

एस्कोन्देर, म्हणजे लपवणे, हे नियमित क्रियापद. ‘आबीआन एस्कोन्दीदो’. मराठीत आधी विचारावं लागतं, काय? पोथ्या असतील तर लपवल्या होत्या, कागद असतील तर लपवले होते. लपवणारा एक की शंभर, ते क्रियापदाला ठाऊक नसतं. (कवितेत कर्ता झाकायला हे फार सोयीचं पडतं.) स्पॅनिशचं नेमकं उलट. काय लपवलं ते ‘एस्कोन्दीदो’ सांगत नाही. पण ‘आबीआन’च्या शेवटी जो ‘न’ आहे ना, तो म्हणजे ‘त्यांनी’.