कुणबी साडी आणि शिकाऊ डिझायनर

मी फॅशन डिझाइनची विद्यार्थिनी. वर्गात आम्हाला प्रेरणा शोधायला सांगतात, तेव्हा बहुतेकांची नजर पॅरिस-मिलानकडे जाते. माझी गोव्याच्या कुणबी साडीवर खिळली.

जाडसर सुती कापड, लाल-पांढऱ्या चौकड्या, ठसठशीत काठ. भातशेतीच्या चिखलात वावरता यावं म्हणून ती गुडघ्यापर्यंत आखूड नेसतात आणि पदराची गाठ खांद्यावर बांधतात. पिन नाही, शिवण नाही. एका गाठीवर साडी अंगावर ठाम राहते आणि दोन्ही हात लावणीला मोकळे. कापडाला कात्री न लावता साधलेलं इतकं नेमकं डिझाइन मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते कष्टकरी बायांनी घडवलं आहे!

गोव्यात हे विणकाम जवळजवळ थांबलं होतं. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या साडीचा अभ्यास करून ती पुन्हा विणवून घेतली, फॅशनच्या मंचावर आणली. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास सांगणारं त्यांचं ‘मोडा गोवा’ हे पुस्तक 2012 साली आलं. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2020 मध्ये ते गेले.

स्केचबुक उघडताना आता मी आधी विचारते, हे कपडे घालून बाई वाकणार कशी, चालणार कशी? रंग त्यानंतर.