परत परत येणारे खलनायक : 'डॉक्टर हू'मधले डालेक आणि सायबरमन

(आपटा इथे श्रोत्यांसमोर रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आज आपण आपट्यात जमलोय. पाताळगंगेच्या काठचं गाव, पनवेल–रोहा मार्गावरचं छोटं स्टेशन. हे स्टेशन १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'च्या शेवटच्या प्रसंगात सगळ्या देशाने पाहिलंय, त्यामुळे पडद्यावरच्या गोष्टींचं इथे कोणाला नवल नाही. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण रसायनी आणि पाताळगंगा एमआयडीसीत काम करतात. म्हणजे यंत्रांबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी काही भलतंच बोललो तर लगेच थांबवा.

आजची मालिका आहे बीबीसीची 'डॉक्टर हू'. एक परग्रहावरचा माणूस, त्याला सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसणारं यान घेऊन तो काळात मागेपुढे फिरतो. पहिला भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ ला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. सगळं जग त्या बातमीत बुडालेलं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

त्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक कोण होता, सांगा बरं? वारिस हुसेन. लखनौचा जन्म, लहानपणाचा बराच काळ मुंबईत, मग इंग्लंड. लेखिका अतिया हुसेन या त्याच्या आई. तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक तरुण हिंदुस्थानी माणूस. दोघांकडे जुने लोक कसे बघत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. पहिला भाग वरिष्ठांना पसंत पडला नाही, तो पुन्हा चित्रित करावा लागला. तरी मालिका उभी राहिली.

वरून एक ताकीद होती. बीबीसीचे नाटक विभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना बटबटीत डोळ्यांचे राक्षस नको होते. मुलांना इतिहास आणि विज्ञान कळावं, हा त्यांचा हेतू. आणि दुसऱ्याच कथेत, २१ डिसेंबर १९६३ पासून, डालेक आले!

डालेक कसा दिसतो? पाश्चात्त्यांच्या टेबलावर मिरपुडीची डबी असते ना, तिला माणसाएवढी केली तर जसं दिसेल तसा. एक डोळा दांड्यावर. एका हाताला बंदूक आणि दुसऱ्याला बेसिन तुंबलं की आपण जो रबरी पंप वापरतो, तोच. आत एक माणूस बसायचा आणि पायाने ते सगळं ढकलत न्यायचा. खर्चच तेवढा मंजूर होता. सांगितलं तर हसू येतं, पण पोरं सोफ्यामागे लपून बघायची. कारण त्याचा आवाज. घोगरा, तुटक, एकाच पट्टीतला, आणि म्हणणं एकच : संपवून टाका.

डालेक लिहिले टेरी नेशन यांनी आणि त्यांचं रूप ठरवलं रेमंड क्युसिक यांनी. नेशन बाहेरचे लेखक, त्यामुळे हक्कात त्यांचा वाटा होता. पुढे खेळणी निघाली, सिनेमे निघाले, पैसा आला. क्युसिक बीबीसीचे पगारी नोकर, त्यांना रॉयल्टी मिळाली नाही. कारखान्यात ज्याने जिग बनवला त्याचं नाव कुठेच नसतं, तसं.

आता एक बारीक गोष्ट. डालेकला आपण रोबोट म्हणतो, पण तो रोबोट नाही. त्या कवचाच्या आत एक जिवंत, रोगट प्राणी आहे. युद्धात किरणोत्साराने त्याच्या जातीचं शरीर बिघडलं, आणि १९७५ च्या कथेत कळतं की डॅव्हरॉस नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांना मुद्दाम असं घडवलं, दया काढून. डॉक्टरच्या हातात दोन तारा असतात. जोडल्या की डालेक जन्मायच्या आधीच नष्ट. आणि तो थांबतो. एक अख्खी जात संपवली, तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय, असा प्रश्न त्याला पडतो. शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी लागणाऱ्या मालिकेत हा प्रश्न!

डालेक दर वेळी संपतात आणि दर वेळी परत येतात. आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडे रक्तबीज आहे. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा. तिथे तलवार पुरत नाही, थेंब जमिनीवर पडूच न देणं हाच उपाय. डालेकचं तसंच. कवच फोडून उपयोग नाही, द्वेष कुठे सांडतोय ते बघावं लागतं.

पण मला विचाराल तर डालेकपेक्षा भयंकर आहेत सायबरमन. ते आले ऑक्टोबर १९६६ मध्ये. कल्पना किट पेडलर यांची, गेरी डेव्हिस या लेखकाच्या जोडीने. पेडलर वैद्यकीय संशोधक होते, लंडनच्या नेत्रविज्ञान संस्थेत. त्या काळी कृत्रिम अवयवांच्या बातम्या येत होत्या. पेडलर यांच्या मनात आलं, की एकेक भाग बदलत गेलो तर माणूस कुठे संपतो?

तर गोष्ट अशी, की पृथ्वीचा एक जुळा ग्रह आहे, मोंडस. तिथली माणसं आपल्यासारखीच. आयुष्य कमी पडू लागलं म्हणून त्यांनी आधी हात बदलले, मग पाय, मग हृदय. शेवटी मेंदूतल्या भावना अडचण करतात म्हणून त्याही काढल्या. कोणी शत्रूने केलं नाही हे. त्यांनीच केलं, जगायचं म्हणून. पहिल्या कथेत तर त्यांच्या तोंडावर कापडासारखं आवरण आहे आणि हात चक्क माणसाचे, उघडे. पुढे खर्च वाढला, चकचकीत धातू आला. पण मला तो उघडा हात जास्त घाबरवतो.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे कृत्रिम पाय बसवला की माणूस सायबरमन? गुडघा बदललेल्या आमच्या आजीने काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर मुंबईच्या सुधा चंद्रन. १९८१ साली अपघातात त्यांचा पाय गेला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या आणि 'नाचे मयूरी' या सिनेमात स्वतःचीच गोष्ट साकारली. पाय बदलला, नाचायची ओढ तशीच राहिली. सायबरमनच्या बाबतीत उलटं होतं. ओढच अडचणीची ठरवून काढली जाते. म्हणून कुठलंही यंत्र आलं की मी एवढंच विचारतो : हे माझं दुखणं कमी करतंय, की मला दुखायचंच बंद करतंय?

मालिका १९८९ ला बंद पडली आणि २००५ ला नव्याने सुरू झाली. २००६ मध्ये सायबरमन परत आले, आणि या वेळी अवयवांची भीती जुनी झाली होती. मग त्यांना कुठून आणलं? कानातून! एका मोठ्या कंपनीने सगळ्यांना कानात घालायची यंत्रं दिलेली असतात. दिवसाची बातमी थेट डोक्यात उतरते. त्या वेळी रस्त्यावरची सगळी माणसं जागच्या जागी थांबतात, एकदम हसतात, आणि पुन्हा चालू लागतात. २००६ साली ते गमतीचं वाटलं असेल. आता पनवेलला सकाळची लोकल पकडून बघा. तुमच्यातलेही काही जण हा भाग कानात बोंडं घालूनच ऐकणार आहात, आणि माझी त्याला काही हरकत नाही!

त्या कथेचा शेवट मला फार आवडतो. एका सायबरमनचं भावना दाबणारं यंत्र बिघडतं आणि आतून एक मुलगी बोलायला लागते. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न असतं. तिला थंडी वाजत असते. डॉक्टर मग सगळ्यांचीच ती दाबणी बंद करतो. आपलं काय झालंय हे कळल्यावर ते सायबरमन कोसळतात.

मागे एकाने विचारलं होतं, प्लांटमध्ये रोबोट आला तर आमचं काय. खरं सांगतो, रोबोटचा हात वेल्डिंग करतो म्हणून मी घाबरत नाही. धूर त्याच्या छातीत गेलेला बरा. भीती वाटते ती वेगळ्या बोलण्याची. "घरची अडचण घरी ठेवा", "आई आजारी आहे हे कारण सिस्टीममध्ये बसत नाही". असं बोलणारा माणूस हाडामांसाचाच असतो. त्याचाही हात उघडाच असतो, त्या पहिल्या सायबरमनसारखा.

शेवटची गोष्ट. टेप महाग होती, जागा कमी होती, म्हणून बीबीसीने 'डॉक्टर हू'चे कितीतरी जुने भाग पुसून टाकले. उपयोग संपला, पुसा. वारिस हुसेनने १९६४ साली मार्को पोलोवर सात भागांची कथा केली, त्यातले सहा भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केले. तिचा एकही भाग आज हाती नाही. सायबरमनची १९६७ ची एक कथा मात्र हाँगकाँगला सापडली, १९९२ च्या सुमाराला. गंमत म्हणजे त्या कथेत सायबरमन बर्फातल्या थडग्यातून जागे होतात.

आणि मार्को पोलो? चित्र गेलं, पण आवाज आहे. त्या काळी काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. आवडलं, म्हणून ठेवलं. मुंबईत वाढलेल्या मुलाचं ते काम आज ऐकता येतं ते या लोकांमुळे. तुमच्या घरी जुन्या कॅसेट असतील, आजीच्या ओव्या, कोणाच्या लग्नातली भाषणं, तर फेकू नका. आधी एकदा ऐका.

चला, प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू. पुढच्या भागात भेटूच.